मोरदऱ्याची उन्हाळी धार

अंकुश,

परवा तुझा तेरावा झाला. आमच्यात तेरावा नसतो, पण तुझ्या पंगतीला वाढायला सगळ्यांत पुढं मीच होतो. बुंदी कमी पडली म्हणून तुझ्या पुतण्यावर ओरडलोसुद्धा. पाहुणे जेवून उठले आणि खाली फाट्यावर गाड्या लावल्या होत्या तिकडं पायीच निघाले. तेवढ्यात सरपंच ज्योती माझ्यापाशी आली. म्हणाली, "मास्तर, सोमवारी ग्रामसभा हाय. आबाच्या नावाची कमान करायचा ठराव घ्यायचाय. तुमी दोन शब्द बोला."

दोन शब्द! तुझ्यावर! पाटी-पेन्सिलीपासून आपण भांडतोय, सत्तरी गाठली तरी एक भांडण धड पुरं झालं नाही, आणि मी दोन शब्दांत काय बोलू? बरं, कमानीचं ठीक आहे. पण त्याच ग्रामसभेत दुसरा विषय टँकरचा आहे. यंदा आपल्या गावाला टँकर नामंजूर झाला. का, तर सरकारी कागदावर आपल्याकडं बारमाही धबधबा आहे. आणि फाट्यापासून कड्यापर्यंत डांबरी रस्ता मंजूर झाला. तो का, तर त्याच धबधब्यासाठी. मोरदऱ्याची धार दिवाळीपर्यंत टिकते आणि होळीला तिथं नुसता काळा दगड असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते वर सांगायचं कुणी? सांगितलं तर रस्ता जातो. नाही सांगितलं तर पाणी जातं. दोन दिवस झाले, तुला विचारतोय. तू गप्प. जन्मात पहिल्यांदा.

हे सगळं तुझ्याच डोक्यातून निघालं. नाही, थांब. तेवढंही सरळ नाही ते. श्रावणात बीडकडची पोरं मोटारसायकली घेऊन यायला लागली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. फाट्याला गाड्या लावायच्या, चढून यायचं, धारेखाली नाचायचं, फोटो काढायचे आणि बाटल्या, चिवड्याच्या पिशव्या तिथंच टाकून जायचं. मी म्हणालो, वाटेवर काटे टाकू, बंद करू. तू म्हणालास, "कावून बंद करायची? नारायणगडाला दर्शनाला एवढी माणसं जातेत, त्यातली चार इकडं वळली तर तुझं काय जातंय? बाया पिठलं-भाकर करतील, सीताफळं इकतील. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातंय, त्यातलं एखादं घर तरी मागं राहील." मी म्हणालो, "येतील आणि घाण करून जातील." तू म्हणालास, "घाण आपण उचलू बे. तुला पेन्शन हाय, दुसरं काम काय हाय?"

आणि उचललीस की. दर सोमवारी पोतं खांद्यावर टाकून तू पुढं आणि बडबड करत मी मागं. मी बाटली टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि तू त्याच पोरांना हात हलवून "पुन्यांदा या बरं का" म्हणायचास. मला इतका राग यायचा तुझा. आता वाटतं, मी सोमवारची वाट बघायचो. सोमवार सोडून मला वार आठवत नव्हता.

तुझी ती फाट्यावरची पाटी. मी म्हणालो, किलोमीटर लिही. तू म्हणालास, इथं कोण मोजत बसतंय, आणि लिहिलंस, "मोरदरा धबधबा, इथंच हाय." तीन किलोमीटरची चढण, अंकुश! एक गृहस्थ कडेवर लेकरू घेऊन घामाघूम होत वर आला आणि विचारू लागला की ही पाटी कुण्या शहाण्यानं लिहिली. तू त्याच्या हातात ताकाचा तांब्या दिलास. "आलात का न्हाई? किलोमीटर लिवले असते तर आला असता का?" तो हसायलाच लागला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाटीखाली खडूनं "३ कि.मी." लिहून आलो. तिसऱ्या दिवशी तू ते ओल्या फडक्यानं पुसलंस. असं पाच-सहा दिवस चाललं. शेवटी माझा खडू संपला.

अर्ज मी लिहायचो, सही तू करायचास. रस्ता द्या, मोरदऱ्याला पर्यटनाच्या यादीत घ्या, कड्याला कठडा करा, बायांसाठी आडोसा बांधा. किती लिहिले ते तुलाही माहीत नाही. उत्तर येत नव्हतं. पावसाळ्यात कचेरीतला साहेब पाहणीला येत नव्हता, कारण पावसाळ्यात चिखलातून जीप चढत नाही, आणि जीप चढत नाही म्हणूनच तर आपण रस्ता मागत होतो. मग गेल्या वैशाखात अचानक निरोप आला. साहेब उद्या पाहणीला येतोय.

वैशाखात! मोरदऱ्यात तेव्हा चिमणीला चोच बुडवायला पाणी नसतं. तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास, विडी पेटवलीस आणि न ओढताच विझवलीस. "मास्तर, साहेबाला काय काळा दगूड दाखवू का?" मी म्हणालो, दाखव, खरं आहे ते दाखव, पावसाळ्यात परत बोलव. तू म्हणालास, "पुन्यांदा येतेत व्हय ही माणसं?"

मग तू उठलास आणि दारोदार फिरलास. तेव्हा टँकर दिवसाआड यायचा, विहिरीत रिता व्हायचा आणि बाया शेंदून घ्यायच्या. तू प्रत्येक दारात उभा राहून एकच बोललास, "उंद्याचं पाणी मला द्या. मोरदऱ्यात सोडायचंय." मला वाटलं, आता कुणीतरी चप्पल काढणार. वैशाखातलं पाणी कुणी कुणाला देतं का? एकाही घरानं नाही म्हटलं नाही. वरच्या आळीनं दिलं, आमच्या वस्तीनं दिलं. माझ्याच घरात माझी सून म्हणाली, "न्या की आबा, एक दिवसानं काय मरतोय." मी तुझ्यावर ओरडलो, "खुळा झालास का? प्यायचं पाणी कड्यावरून सोडतोस?" तू शांतपणे म्हणालास, "वाया कुठं जातंय बे? कुंडातच पडंल. बाया तिथून भरून घेतील." तुझ्याकडं सगळ्याला उत्तर असायचं, म्हणूनच तर तुझ्याशी भांडायला मजा यायची.

बेत असा ठरला. टँकर माळावरून कड्याच्या टोकाला न्यायचा. टँकरपाशी तुझ्या घरच्या, कौसावहिनी. साहेबासोबत तू आणि मी. उंबराच्या वळणावर आलो की मी खिशातली पांढरी दस्ती काढायची, तोंड पुसल्यासारखं करायचं आणि एकदा वर हलवायची, की वहिनी पाणी सोडायला लावणार. मी स्वच्छ सांगितलं, मी असली सोंगं करणार नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो मी, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं, ते तुलाही पाठ होतं. तू नुसता हसलास. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्या सकाळी मी उठून आधी दस्ती धुतली आणि इस्त्री केली. आणि मनात म्हणत होतो, मी नाही हलवणार.

हलवली. आणि पाणी आलं, अंकुश. आधी नुसता आवाज, मग दगड ओला झाला, मग धार धरली. टँकरचं पाणी आहे हे मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. कुठून तरी दोन लांडोरी उतरल्या आणि कुंडाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. शेळ्या धावत आल्या. साहेब फोटो काढत होता, "वा, वा" म्हणत होता. मग त्यानं तुला विचारलं, "बारा महिने असतं का हे?"

आणि तू अडखळलास. सबंध गावाला बोलण्यात गुंडाळणारा तू, "सायेब, तसं बघितलं तर..." एवढंच म्हणून थांबलास. साहेब माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्ही सांगा. तुमचं मी लिहून घेतो."

मी म्हणालो, "हो. बारमाही आहे."

साहेब चढणीला लागला आणि धार तुटली, आपलं नशीब. कुंडात निम्मं पाणी मुरून गेलं होतं, उरलं ते गढूळ. बाया दोन दिवस ते डोक्यावरून कड्याएवढं वर आणत होत्या आणि पदरातून गाळत होत्या. तू चार म्हाताऱ्यांच्या घागरी स्वतः वाहिल्यास. दुसऱ्या दिवशी तुझा खांदा सुजला होता. मी दोन दिवस घरातच बसलो. बाहेर आलो असतो तर मलाही घागर घ्यावी लागली असती.

यंदा दोन्ही कागद एकाच आठवड्यात आले. रस्त्याचा पहिला. तू घरोघर गूळ वाटलास, माझ्या नातवाच्या तोंडात एवढा मोठा खडा कोंबलास. टँकरचा कागद माझ्या हाती पडला आणि मी तो दोन दिवस खिशातच ठेवला. तुझा गूळ अजून वाटून व्हायचा होता. सोमवारी शाळेच्या पायरीवर तुला वाचून दाखवला. "सदर गावात बारमाही जलस्रोत उपलब्ध असल्याने..." तू मला दोनदा वाचायला लावलास. मग मी म्हणालो, चल, आत्ताच जाऊ, खरं सांगून मोकळे होऊ. तू म्हणालास, "आधी खडी पडू दे. खडी पडली की मागं नेत न्हाईत. मग सांगू." मी म्हणालो, "तोवर बायांनी कुठून पाणी आणायचं? पलीकडच्या वाडीतून?" तू म्हणालास, "बारमाही कोण म्हणलं व्हतं? म्या न्हाई म्हणलो. तू म्हणलास."

खरं होतं ते. म्हणून तर लागलं. मी उठून चालू लागलो, मागून तू हाक मारलीस. मी वळलो नाही. मला वाटलं, येईल उद्या. नेहमी तूच यायचास.

गुरुवारी तुझ्या छातीत कळ आली. अवकाळीनं वाट फोडून ठेवली होती, जीप वर येईना. तुला बाजेवर घालून चौघांनी खाली न्यायला काढलं. बाजेचा पुढचा डावा पाय माझ्याकडं होता. तू माझ्याकडं बघत होतास, मला ते कळत होतं, पण मी खाली बघत होतो, पाऊल कुठं पडतंय ते. सोमवारनंतर आपण एकमेकांशी बोललो नव्हतो आणि तीन किलोमीटरभर तेव्हाही बोललो नाही. फाट्यावर बाज टेकवली तोवर उशीर झाला होता.

आता माझा खरा गोंधळ ऐक. तेराव्याची भांडी घासता घासता वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, मंगळवारी मला म्हणले व्हते, मास्तरचं खरं हाय. मीच जातो अन् सायेबाला सांगतो." माझा जीव भांड्यात पडला. लगेच ज्योतीला विचारलं. ती म्हणते, बुधवारी तू तिच्या घरी गेलतास, खडी कधी येणार ते विचारलंस आणि वर म्हणालास, मास्तरला कचेरीकडं फिरकू देऊ नका. कोणता तू खरा? मंगळवारचा का बुधवारचा? वहिनींना बरं वाटावं म्हणून एक बोललास आणि ज्योतीला खरं सांगितलंस? का उलटं? का एका दिवसात माणूस इतका फिरतो? फिरतो बाबा. मी तर चहा पिताना एक ठरवतो आणि कप विसळताना दुसरं.

मेलेल्या माणसाची इच्छा पाळावी म्हणतात. पण इच्छा कोणती ते तरी सांगून जायचं. लई घाई केलीस तू.

इथवर गुरुवारी लिहून वही मिटली होती. आज मंगळवार आहे.

काल ग्रामसभा झाली. शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. ज्योतीनं कमानीचा ठराव वाचला आणि मला बोलायला उभं केलं. मी तुझ्यावर बोलायला उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "बारमाही मी म्हणालो होतो." मग सगळंच निघालं, आता कचेरीत जाऊन खरं सांगणार हेही. टँकर सगळ्यांना माहीतच होता, त्यांनीच तर पाणी दिलं होतं. पण शेवटचा शब्द माझा होता, हे तू वर्षभरात कुणालाही सांगितलं नव्हतंस. लोक समजत होते की तूच म्हणालास. आणि तू ते खुशाल अंगावर घेऊन फिरत होतास. मला काल कळलं हे, अंकुश. सगळ्यांसमोर उभा असताना कळलं.

खालच्या आळीचा संतोष ताडकन उठला. "मास्तर, आबाला बाजेवर नेलं ते इसरलात का? तुमी जाऊन सांगा अन् रस्ता घालवा. उंद्या माझी बायको बाळंतपणाला निघल तवा कुणाच्या खांद्यावर देता?" त्याच्या बायकोला आठवा महिना आहे. ती तिथंच बसली होती. मी खाली बसलो. खरं सांगतो, मी अर्जासाठी आणलेला कागद फाडायच्या बेतात होतो.

तेव्हा वहिनी उठल्या. ग्रामसभेत त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "संत्या, तुझ्या बाळंतिणीला काय डांबर पाजायचं का? रोज पलीकडच्या वाडीला घागर घेऊन मी जायलेय, तुझी आई जायलीय. टँकरचं तोंड मी उघडाय लावलं व्हतं. अर्जात माझं बी नाव लिवा." मग माझ्याकडं वळल्या. "अन् रस्ता बी मागा. धबधबा बगायला येणाऱ्यासाठी न्हाई. आमच्यासाठी मागा."

अंकुश, इतके अर्ज लिहिले मी, प्रत्येकात पर्यटक, पर्यटक, पर्यटक. हे एक वाक्य आपल्या दोघांच्याही डोक्यात कसं आलं नाही? का तुला आलं होतं आणि त्यानं काही मिळणार नाही हेही तुला कळलं होतं? बघ, पुन्हा गोंधळ.

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. धार पावसाळ्यापुरती आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो, गेल्या वर्षी सोडलेलं पाणी टँकरचं होतं, माहिती मी दिली होती. आणि गावाला माणसांसाठी रस्ता हवा. खाली माझी सही, मग वहिनींची, मग बाया एकामागून एक येत गेल्या. संतोषनं सही केली नाही. त्याच्या बायकोनं केली. कमानीच्या ठरावावर हात वर करायचं या सगळ्यात राहूनच गेलं.

आज सकाळी फाट्यावरून बस धरून कचेरीत गेलो. साहेब तोच. त्यानं मला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, "गुरुजी, तुमचे ते मित्र कसे आहेत?" विचारलं. सांगितलं. तो खरंच हळहळला. मग मी अर्ज पुढं केला. त्यानं सावकाश वाचला. चष्मा काढला.

"गुरुजी, तेव्हा खोटं बोललात, का आता?"

"तेव्हा."

"तुमच्यासारखा माणूस? कशासाठी?"

येताना बसमध्ये मी उत्तर घोकून आलो होतो. गावाची अडचण, कोयता घेऊन जाणारी घरं, न चढणारी जीप, सगळं नीट ओळीनं. त्यातलं एक अक्षर तोंडात येईना. मला फक्त तू दिसत होतास, कुंडाच्या काठावर, तोंड उघडं टाकून त्या धारेकडं बघणारा. पाणी टँकरचं आहे हे तू तेवढ्यापुरता विसरला होतास, अंकुश. आपलं गाव असं दिसू शकतं, एवढंच तू बघत होतास. सत्तर वर्षांत तुला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "माझा मित्र शेजारी उभा होता, साहेब. त्याचं मन मोडवलं नाही."

त्यानं चष्मा परत लावला. अर्ज ठेवून घेतला, पोचेवर शिक्का मारून दिला, बघू म्हणाला. रस्त्याचं काय होईल माहीत नाही. टँकर येईल का माहीत नाही. तुझं काम मी पुरं केलं का मोडून टाकलं, तेही माहीत नाही. आता बसस्टँडवर बसून हे लिहितोय, गाडीला वेळ आहे. तू माझा मित्र आहेस, हे जन्मभर तुझ्या तोंडावर एकदाही बोललो नाही. आज एका परक्या माणसाला सांगून आलो.